स्पीकरची वायर भिंतीत घेताना: पाइप, सॉकेट आणि जोडणी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कोथरूडमधल्या विटांच्या बांधकामाच्या जुन्या इमारतीत सदनिकेचे नूतनीकरण चालू असून १२ बाय १८ फुटांच्या हॉलमध्ये समोर दोन उभे स्पीकर, एक सबवूफर (खर्जाचा वेगळा स्पीकर) आणि पुढे कधीतरी सोफ्याच्या पाठीमागे आणखी दोन स्पीकर बसवण्याचा विचार आहे. वायर कुठेही दिसू नये, ही अट आहे. वायरमनने लाइटच्याच पाइपातून स्पीकरची वायर ओढून टोकाला पाच अँपियरचे सॉकेट लावून देण्याची तयारी दाखवली आहे, तर दुकानदाराने या कामासाठी महागडी आयात केबल घ्यायला सांगितले आहे. माझे मत विचाराल तर या बाबतीत दोघांचेही ऐकू नये. पाइप स्वतंत्र हवा, सॉकेट विजेचे नसावे आणि वायर साधी तांब्याची, पुरेशा जाडीची असली की काम भागते. वायर दहा वर्षांनी बदलता येते, पाइप मात्र पुढच्या नूतनीकरणापर्यंत भिंतीत राहतो. म्हणून डोके आणि पैसा पाइपाच्या मार्गावर खर्च करावा.

सॉकेटपासून सुरुवात करतो, कारण धोका तिथेच सर्वांत मोठा आहे. स्पीकरला टू-पिन टॉप (प्लग) आणि भिंतीत पाच अँपियरचे सॉकेट ही पद्धत मांडवातल्या ध्वनिक्षेपकांपासून चालत आलेली आहे आणि वायरमनला ती सोयीची वाटते, कारण माल हाताशी असतो आणि जोडणी सवयीची असते. परंतु असा टॉप लावलेला स्पीकर घरातल्या कोणत्याही चालू सॉकेटात जाऊ शकतो. दिवाळीच्या साफसफाईत सगळे टॉप काढले गेले आणि परत लावताना कोणी स्पीकरचा टॉप शेजारच्या विजेच्या सॉकेटात घातला, तर स्पीकरच्या ५ ते ७ ओहमच्या कॉइलवर थेट २३० व्होल्ट येतात. हिशेबाने तो प्रवाह ३० अँपियरच्या वर जातो. एमसीबी पडेल तेव्हा पडेल, कॉइल त्याआधीच जळालेली असते आणि स्पीकरच्या पेटीत कापूस व कागद असल्यामुळे आगीची शक्यताही नाकारता येत नाही. ‘आमच्या घरात असे कोणी करणार नाही’ हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे, पण घर भाड्याने दिले जाते, पाहुणे येतात, मुले मोठी होतात.

हाच धोका बनाना प्लगलाही, म्हणजे स्पीकरच्या वायरच्या टोकाला लावायच्या पिनेलाही, थोड्या प्रमाणात आहे. त्याची पिन ४ मिलिमीटरची असते आणि जोडप्लगमधल्या दोन पिनांतले अंतर १९ मिलिमीटर असते. आपल्याकडच्या पाच-सहा अँपियरच्या सॉकेटातल्या फेज आणि न्यूट्रलच्या छिद्रांतले अंतरही तेवढेच आहे. त्यामुळे दोन पिना एकत्र जोडलेला बनाना प्लग घेऊ नये, लाल आणि काळा असे सुटे घ्यावेत. शक्य असल्यास स्पीकरची प्लेट आणि विजेचा बोर्ड एकमेकांशेजारी ठेवू नयेत. निदान हातभर अंतर असावे.

मग लावायचे काय? मॉड्यूलर स्विचच्या काही मालिकांत स्पीकरसाठी स्प्रिंगच्या चिमट्यांचे मॉड्यूल मिळते. दिसायला ते नेटके असते, बाकीच्या बोर्डांशी रंगही जुळतो, पण चिमट्याचे छिद्र लहान असल्यामुळे २.५ चौरस मिलिमीटरची वायर त्यात नीट बसत नाही आणि काही वर्षांत स्प्रिंगचा ताण कमी होऊन जोड सैल पडतो. मी त्याऐवजी त्याच मालिकेतली कोरी प्लेट घेऊन तिला छिद्रे पाडतो आणि पितळी, वरून मुलामा दिलेल्या बाइंडिंग पोस्टची (वायर फिरवून कसायच्या खुंटांची) लाल-काळी जोडी बसवतो. अशा पोस्ट पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुट्या मिळतात. घेताना मागची नट-बोल्टची बाजू पाहावी. वायरला थिंबल (टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) लावून ती दोन वॉशरांमध्ये कसता आली पाहिजे. नुसत्या डागावर (सोल्डरवर) लटकणारी जोडणी भिंतीत नको.

भिंतीतला मागचा डबा या कामासाठी प्लास्टिकचा घ्यावा, पत्र्याचा नाही. कारण आता बाजारात असलेले ‘डिजिटल’ म्हणून ओळखले जाणारे पुष्कळ क्लास-डी प्रकारचे अँप्लिफायर ब्रिज पद्धतीने चालतात. त्यांचे काळे टर्मिनल म्हणजे शून्य व्होल्टचे अर्थिंग नसते, लाल टर्मिनलप्रमाणेच तेही सक्रिय असते. पत्र्याच्या डब्याला अर्थिंग जोडलेले असेल आणि काळ्या पोस्टच्या मागचा बोल्ट त्याला टेकला, तर अँप्लिफायरचे एक टोक थेट जमिनीला जाते. चांगला अँप्लिफायर स्वतःला बंद करून घेतो, स्वस्तातला जळतो. याच कारणाने डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी एकच काळी वायर सामाईक वापरण्याची काटकसरही करू नये. प्रत्येक स्पीकरला स्वतःची जोडी हवी.

आता लाइटच्या पाइपाचा मुद्दा. हे टाळावे असे बहुतेक जण सांगतात, पण कारण चुकीचे देतात. विजेच्या तारेशेजारून गेल्याने स्पीकरमध्ये घुंई ऐकू येते, ही समजूत स्पीकरच्या वायरपुरती जवळजवळ निराधार आहे. अँप्लिफायरचे आउटपुट इतक्या कमी इम्पिडन्सचे (आवाजाच्या बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या रोधाचे) असते की शेजारून शिरलेला विद्युत-गोंधळ कानाला जाणवण्याइतका उरत नाही. खरे कारण सुरक्षिततेचे आहे. वायर ओढताना पाइपाच्या बेंडवर किंवा डब्याच्या धारेवर इन्सुलेशन सोलले जाणे नवीन नाही. लाइटची फेज वायर अशी सोलली आणि शेजारी स्पीकरची पातळ, पारदर्शक आवरणाची वायर असली, तर २३० व्होल्ट तुमच्या अँप्लिफायरच्या मागच्या उघड्या पोस्टवर येतात. विजेच्या पोस्टला कोणी बोट लावत नाही, स्पीकरच्या पोस्टला मात्र आपण सगळेच उघड्या हाताने फिरवतो. म्हणून पाइप वेगळा, डबा वेगळा, जंक्शन वेगळे. दोन्ही पाइप समांतर जात असतील तर मधे सहा-आठ इंच अंतर ठेवावे, एकमेकांना ओलांडायचे असेल तर काटकोनात ओलांडावे; त्याहून जास्त चिंता करण्याचे कारण नाही.

पाइप टाकण्याआधी स्पीकरची जागा ठरवणे आवश्यक आहे आणि नेमके हेच घाईत राहून जाते. आपल्याकडे हॉलचा आराखडा टीव्ही युनिट, शोकेस आणि दरवाजा ठरवतात, मग उरलेल्या कोपऱ्यात स्पीकर ढकलले जातात. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि तबल्याचा डग्गा सगळीकडे एकसारखा घुमू लागतो. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा, म्हणजे प्रत्येक स्पीकर समोरच्या मध्यरेषेपासून सुमारे ३० अंशांवर येतो. आपल्या १२ फुटी भिंतीवर दोन्ही स्पीकर ७ फुटांच्या अंतरावर ठेवले तर बाजूच्या भिंतींपर्यंत अडीच-अडीच फूट उरतात, ही चांगली मांडणी आहे. मात्र बसण्याची जागाही समोरच्या रेषेपासून सहा-सात फुटांवर यायला हवी, अठराव्या फुटावर नाही. मागचे दोन स्पीकर, पाच स्पीकरच्या रचनेत, ऐकणाऱ्याच्या समोरच्या दिशेपासून १०० ते १२० अंशांवर, म्हणजे बाजूला आणि किंचित मागे असावेत. सोफा पुढे आला तर हे स्पीकर मागच्या भिंतीवर न येता बाजूच्या भिंतींवर येतील. त्याप्रमाणे डब्यांची जागा बदलते. खडूने जमिनीवर आखून, स्पीकर लांब वायरने जोडून दोन-तीन संध्याकाळी ऐकून पाहावे आणि मगच भिंतीवर खूण करावी.

समोरच्या स्पीकरचा डबा फरशीपासून साधारण एक फूट उंचीवर घ्यावा. तो स्पीकरच्या अगदी पाठीमागे न घेता चार-सहा इंच आतल्या बाजूला, म्हणजे टीव्ही युनिटकडे घ्यावा. बनाना प्लग भिंतीतून दोन इंच पुढे येतो. स्पीकर मागे सरकला की तो दाबला जाऊन प्लेट उखडते. रंगकामाच्या वेळी स्पीकर हलवताना याचा हमखास अनुभव येतो.

भिंत फोडण्याबाबत मी जरा कडक आहे. जुन्या इमारतीत खोल्यांमधल्या भिंती बहुधा अर्ध्या विटेच्या, म्हणजे साडेचार इंची असतात. उभी झिरी (पाइपासाठी भिंतीत कापलेली खाच) भिंतीच्या जाडीच्या एकतृतीयांशापेक्षा आणि आडवी झिरी एकषष्ठांशापेक्षा खोल असू नये, हा पाळावा असा दंडक आहे. साडेचार इंची भिंतीत आडव्या झिरीला यामुळे जेमतेम पाऊण इंच मिळतो, आणि २५ मिलिमीटरचा पाइप त्यात बसत नाही. म्हणून सोफ्याच्या मागपर्यंत १८ फूट आडवी झिरी मारण्याचा वायरमनचा बेत मान्य करू नका. दोन चांगले मार्ग आहेत. फरशी बदलणार असाल तर पाइप फरशीखालच्या मालात टाकून घ्यावा. नसल्यास अँप्लिफायरपासून उभी झिरी मारून वर जावे, फॉल्स सिलिंगमधून मागे न्यावे आणि तिथून उभ्या झिरीने खाली उतरावे. दोन्ही नसेल तर स्कर्टिंगच्या वरून केसिंग-कॅपिंगची, म्हणजे वायर आत घेऊन वर झाकण बसणारी पट्टी मारून भिंतीच्याच रंगात रंगवावी. ती पट्टी चार दिवसांनी कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि मला तर भिंतीच्या हाडांना धक्का लावण्यापेक्षा ती कधीही पसंत आहे. कॉलम आणि बीम यांना कटर लावायचा नाही, त्यातली सळई वरच्या गिलाव्यापासून फार दूर नसते. आपले नातेवाईक किंवा मित्र नव्या टॉवरमध्ये राहत असतील आणि त्यांनी हेच काम करायचे ठरवले, तर त्यांनी आधी भिंत वाजवून पाहावी: मायवान (साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतण्याच्या) पद्धतीच्या इमारतींत आतल्या पुष्कळ भिंतीही काँक्रीटच्या आणि भारवाही असतात, तिथे झिरीचा विषयच संपतो.

पाइप मध्यम जाडीचा, आयएसआय खुणेचा, २५ मिलिमीटरचा घ्यावा आणि प्रत्येक स्पीकरसाठी एक वेगळा पाइप टाकावा. वळणावर काटकोनी एल्बो न वापरता लांब बेंड वापरावा. दोन डब्यांमध्ये दोनपेक्षा जास्त वळणे आली की मधे एक उघडता येणारा डबा ठेवावा. पाइपात कुठेही वायरचा जोड नसावा. टीव्हीपासून अँप्लिफायरपर्यंत एचडीएमआय केबल लपवायची असेल तर २५ चा पाइप पुरत नाही, त्या केबलचे डोकेच त्यात अडकते. ४० मिलिमीटरचा सरळ तुकडा आत्ताच टाकावा. रिकाम्या पाइपांतून नायलॉनची दोरी ओवून ठेवली की पुढचे काम अर्ध्या तासाचे होते. पश्चिमेकडच्या, पावसाची झड लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीत डबा घेणे टाळावे. झिरी बुजवताना गवंड्याला चिकन मेश (बारीक तारेची जाळी) मारायला सांगावे आणि माल भरल्यावर पाणी मारायला विसरू नये, नाहीतर पुट्टीवर पहिल्याच उन्हाळ्यात त्या रेषेत बारीक तडा उमटतो. झिरी उघडी असतानाच, शेजारी टेप धरून, प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढून ठेवावे. पुढे तसबिरीसाठी ड्रिल मारताना हेच उपयोगी पडते.

वायरच्या जाडीचा हिशेब साधा आहे. जाण्या-येण्याच्या दोन्ही तारांचा मिळून रोध स्पीकरच्या इम्पिडन्सच्या ५ टक्क्यांहून कमी राहावा. बारीक तारांच्या तांब्याच्या वायरचा रोध दर किलोमीटरला १.५ चौरस मिलिमीटरसाठी सुमारे १३.३ ओहम, २.५ साठी सुमारे ८ आणि ४ साठी सुमारे ५ ओहम धरावा. आपल्याकडे समोरचे स्पीकर फार तर ४ मीटरवर आहेत, म्हणजे तारेची लांबी ८ मीटर, १.५ च्या वायरने रोध ०.११ ओहम येतो, तो कोणत्याही स्पीकरला चालतो. मागचे स्पीकर सिलिंगमार्गे १४ मीटरवर जातील, म्हणजे २८ मीटर तार: १.५ ने ०.३७, २.५ ने ०.२२ आणि ४ ने ०.१४ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला मर्यादा ०.४ ची, सहाच्याला ०.३ ची आणि चारच्याला ०.२ ची. म्हणून सरसकट २.५ ची वायर टाकावी. मागे चार ओहमचे स्पीकर लावायचे ठरले तरच ४ ची घ्यावी. ऑक्सिजनफ्री तांबे आणि वायर-उद्योगातले नेहमीचे शुद्ध तांबे यांच्या वाहकतेत जेमतेम एखाद्या टक्क्याचा फरक असतो. तो फरक ऐकू येतो असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण त्यांच्या भिंतीत ती केबल त्यांच्याच खर्चाने टाकतो.

खरी फसवणूक वेगळीच असते. स्वस्त पारदर्शक स्पीकर-वायरमध्ये पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा सुमारे दीडपट असतो आणि स्क्रूखाली ती लवकर सैल होते. एक तार ब्लेडने खरवडावी, आत पांढरी चमक दिसली की बंडल परत करावे. शिवाय पारदर्शक आवरणातले तांबे दमट हवेत काही वर्षांत हिरवे पडते. मुंबईत आणि कोकणात हे सर्रास दिसते. माझी शिफारस आयएसआय खुणेच्या, वरून आणखी एक आवरण असलेल्या टू-कोर लवचिक केबलची आहे. घरगुती वायरिंगची सुटी लाल आणि काळी वायर ध्वनीच्या दृष्टीने तितकीच चांगली चालते, परंतु पुढच्या वायरमनला भिंतीत लाल-काळी जोडी दिसली की तो ती फेज-न्यूट्रल समजणार. टू-कोर केबलच्या दोन्ही टोकांना ‘स्पीकर, डावा मागचा’ अशी पक्क्या शाईची चिठ्ठी गुंडाळावी. टोकांना डाग देऊन स्क्रूखाली कसू नये, कथील दाबाखाली हळूहळू पसरते आणि जोड ढिला होतो. थिंबल दाबून बसवावे. डब्यात वीतभर वायर शिल्लक ठेवावी.

सबवूफरचे प्रकरण निराळे आहे. त्याला जाणारी केबल स्पीकरची नसून सिग्नलची असते आणि घुंईची भीती तिलाच खरी आहे. ती जाळीच्या आवरणाची कोॲक्सियल असावी, तिचा पाइप विजेच्या पाइपापासून फूटभर लांब असावा. सबवूफरला स्वतःचा विजेचा पॉइंटही लागतो. तो अँप्लिफायर आणि टीव्हीच्या पॉइंटच्याच सर्किटवरून घ्यावा, म्हणजे तिघांचे अर्थिंग एकाच जागी भेटते. तरीही घुंई आली तर सबवूफर किंवा केबल बदलण्याआधी टीव्हीच्या मागची केबल-कनेक्शनची किंवा डिशची वायर काढून पाहावी. घुंई त्या क्षणी थांबली, तर दोष त्या वायरच्या अर्थिंगचा आहे आणि तिथे आयसोलेटर (अर्थिंगचा संपर्क तोडणारा जोड) लावावा लागेल. अर्थची पिन कापणे हा उपाय नव्हे.

पुट्टीवाल्याला बोलावण्याआधी पुढील तपासणी आपण स्वतः उभे राहून करून घ्यावी. अँप्लिफायर अद्याप जोडलेला नसावा. लांबच्या टोकाच्या दोन्ही तारा सुट्या ठेवून मल्टिमीटर लावला की काहीच दाखवता कामा नये. त्या एकमेकींना जोडल्या की अर्ध्या ओहमच्या आतला आकडा यावा. स्वस्त मीटरच्या स्वतःच्या लीडचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो, म्हणून आधी लीड एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करावा. दोन वेगळ्या स्पीकरच्या जोड्यांमध्ये, तसेच प्रत्येक तार आणि घराचे अर्थिंग यांच्यातही काही संपर्क नाही, हे पाहावे. मग स्पीकर जोडून अँप्लिफायरच्या टोकाला दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवावा: सेलचे धन टोक लाल तारेला लावल्यावर वूफरचा (पेटीतल्या खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा) पडदा बाहेरच्या बाजूला उडी मारतो. एखाद्याचा आत गेला तर त्या वायरची टोके कुठेतरी उलटी लागलेली आहेत आणि तसेच राहिले तर खर्ज नाहीसा होऊन गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध न येता खोलीभर विखुरतो. पाहायचे ते फक्त वूफरकडे. काही स्पीकरांत ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) कारखान्यातूनच उलटा जोडलेला असतो. स्पीकर जोडलेला असताना मीटरने मोजल्यास आठ ओहमच्या स्पीकरसाठी साडेपाच ते सात ओहम दिसतील, ते बरोबर आहे. मागचे स्पीकर सध्या घ्यायचे नसतील तर त्या वायरांची टोके वेगवेगळी टेपने बांधून डब्यात ठेवावीत, वर कोरी प्लेट लावावी आणि अँप्लिफायरकडची टोके मात्र कोणत्याही टर्मिनलला जोडून ठेवू नयेत.